ताण कुठे आहेत, काका? केळीवरच्या ड्रोन फवारणीचा अनुभव

आधी मार्क सांगून टाकतो: पाचातले चार. एक कापला तो बिलापायी, ते पुढे येईलच. सेवा कोणाची ते नावानिशी लिहीत नाही. ड्रोन उडवणारी गावातली लेकीबाळीतली मुलगी आहे, नंबर एकदा बाहेर पडला की फवारणीचे कमी आणि रिकामटेकड्यांचे फोन जास्त येतात. चोपडा तालुक्यात ज्याला गरज असेल त्याने बचत गटाच्या बायकांना विचारावं, दोन फोनांत सापडेल.

मी रिटायर लाइनमन. तेहतीस वर्षं खांबावर काढली. शेती वडिलांची, पाच एकर कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली, केळी आणि बांधापलीकडे थोडी कपाशी. शेताच्या मधोमध अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन गेलेली आहे. दोन खांब माझ्याच केळीत, तिसरा शेजारच्या जिभाऊंच्या बांधावर. त्यामुळे ड्रोनवाल्याचा रिव्ह्यू दुसरा कोणी लिहील तेव्हा टाकी किती लिटरची आणि पाती किती हे लिहील. मी तारेचं लिहिणार. ज्याला नको असेल त्याने शेवटचे तीन-चार परिच्छेद वाचावेत, भाव तिथे आहे.

सप्टेंबरमध्ये करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा रोग, वाढला. भादव्यातलं ऊन-पाऊस आणि केळीचं दाट रान, करप्याला आणखी काय लागतं. एचटीपी पंपाने, म्हणजे लांब नळीच्या जोरदार दाबाच्या पंपाने, फवारायचं तर केळीच्या ओळीत नळी ओढत दोन दिवस जातात, एकरी दोनशे लिटर पाणी जातं, आणि वरच्या पानांपर्यंत फवारा नीट पोचत नाही. शिवाय घड लागलेल्या केळीतून नळी ओढली की कुठे तरी आधाराची पट्टी निसटते. म्हणून ड्रोन बोलावला. सांगितलेली वेळ सकाळी सातची. आले नऊला. तेव्हाच अर्धा मार्क मनातल्या मनात कापला होता, नंतर परत दिला.

तिने गाडीतून पेटी उतरवलीच नाही. बरोबर तिचा दीर होता, तो पाणी भरायला विहिरीकडे गेला. ती बांधावर उभी राहिली, एकदा सगळं रान नजरेखालून घातलं आणि मला विचारलं, “काका, ताण कुठे कुठे आहेत?”

मी दोन क्षण गप्पच. ताण म्हणजे खांबाला तिरकी ओढून जमिनीत गाडलेली तार. तिला ताण हा शब्द माहीत असणंच मोठं. बहुतेक लोक लाइनच्या तीन तारा मोजतात आणि शहाणे झालो समजतात. ताण केळीच्या पानांत बुडालेला असतो, वेल चढलेला असतो, आणि खांबापासून चांगला पंधरा फूट बाजूला येऊन जमिनीत शिरतो. तो शेतकऱ्यालाही रोज दिसत नाही, त्याला नांगर अडकला की दिसतो. मी म्हटलं, “पोरी, तुला ताण कोणी शिकवला?” तर हसून म्हणाली, “कोणी नाही काका. एकदा माझी दोन पाती गेलीत त्याच्यात, तेव्हापासून विचारते.”

खरं बोलली, म्हणून तिथेच मी खूश. बचत गटाच्या बायकांना मिळणाऱ्या पंधरा दिवसांच्या सरकारी ट्रेनिंगमध्ये, पाच दिवस ड्रोन उडवायचे आणि दहा दिवस शेतीच्या फवारणीचे, कोणी ताणाचा धडा शिकवत असेल असं मला वाटत नाही. तो धडा पाती मोडूनच येतो.

मी आणि ती मग पूर्ण शेत पायी फिरलो. पाऊण तास गेला. चार ताण निघाले, त्यातला एक मीच विसरलो होतो. तिने मोबाईलवरच्या नकाशात प्रत्येक खांबाला आणि प्रत्येक ताणाला खूण केली. विहिरीच्या मोटारीकडे जाणारी एलटीची, म्हणजे कमी दाबाची, लाइन वेगळी, तिला वेगळी खूण. माझ्या घरून डबा आला तोवर ड्रोन अजून पेटीतच होता. जिभाऊ बांधावरून ओरडले, “काय वं बेटा, फवारणी करस का मोजणी?”

जिभाऊंनी तसं म्हणू नये. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच कपाशीत जे झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा दुसरीच सेवा होती, बाहेरगावची, दोन पोरं आणि एक पिकअप. आली तशी ड्रोन उघडला, कपाशीच्या कडेला ठेवला, पाच मिनिटांत हवेत. काम चांगलं चाललं होतं. कपाशी चार फुटांची, ड्रोन तिच्यावर आठ फुटांनी, म्हणजे जमिनीपासून बारा फूट. अकरा केव्हीची तार त्याच्या चांगली वर. चार फेऱ्या तो लाइनच्या खालून बिनधास्त गेला-आला, आणि बघणाऱ्या सगळ्यांना वाटलं की तारेचा प्रश्न मिटला.

प्रश्न परतीच्या वाटेवर होता. टाकी संपली, पोराने घरी बोलावण्याचं बटण दाबलं. ते बटण दाबलं की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो आणि मग नाकासमोर घराकडे निघतो. ती उंची पोरांनी वीस फूट ठेवली होती, बांधावरच्या बाभळीला लागू नये म्हणून. बाभूळ दिसत होती. तार दिसत नव्हती. ड्रोन लाइनच्या पलीकडे होता, पोरं अलीकडे. वर चढला, वळला, आणि गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या तारेच्या, बरोबर मधल्या झोलात, जिथे तार सगळ्यांत खाली लोंबते तिथे जाऊन दोन तारांच्या मध्ये आडवा पडला.

ड्रोनचे हात कार्बन फायबरचे असतात. लोकांना ते प्लास्टिकसारखं वाटतं. कार्बनमधून वीज जाते. निळा लखलखाट, ताडकन आवाज, सबस्टेशनला फिडर ट्रिप, म्हणजे त्या लाइनचा पुरवठा आपोआप बंद. ड्रोन तसाच वर लटकलेला, एक पाय तारेत अडकलेला, खालून धूर.

त्यानंतरचं अर्धं मिनिट मला अजून झोपेत येतं. मोठं पोरगं पिकअपमधून बांबू घेऊन धावलं, ड्रोन खाली पाडायला. त्याचं काय चुकलं? सात-आठ लाखांची वस्तू, हप्ते चालू, आणि लाइन तर गेलेली. मी बांधावरून बोंबललो, “ओ पोऱ्या, हात नको लावू! तार चालू शे!” ते थांबेना, म्हणून पळत जाऊन मागून शर्टाला धरलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पळालो, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला.

लाइन गेली म्हणजे लाइन मेली असं नसतं. फिडर ट्रिप झाला की ऑपरेटर थोड्या वेळाने पुन्हा चार्ज करून बघतो, कारण निम्म्या वेळा फांदी टेकलेली असते किंवा वटवाघूळ असतं, आणि ते तोवर गळून पडलेलं असतं. तो सबस्टेशनात बसलेला असतो, इकडे कपाशीत कोण बांबू घेऊन उभं आहे ते त्याला कुठून दिसणार? पोराला धरून मी ओरडत असतानाच लाइन परत आली. पुन्हा लखलखाट, पुन्हा ट्रिप. त्या पोराच्या हातातला बांबू पावसाने ओलाचिंब होता. त्याचं तोंड मी विसरणार नाही.

मग फोन केला, आमचा हल्लीचा लाइनमन आला, रीतसर परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची लेखी हमी, घेतलं, दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं आणि मगच शिडी लावली. तीन तास. एका फिडरवरची गावं तीन तास अंधारात, त्यात पिठाची गिरणी आणि दूध डेअरी. ड्रोनची बॅटरी खाली पडल्यावर कपाशीत पेटली ती वेगळीच. त्या सेवेला मी मार्क देत नाही. पोरं वाईट नव्हती, त्यांना वर बघायला कोणी सांगितलंच नव्हतं. मालकाने मात्र फोनवर पहिला प्रश्न विचारला तो ड्रोनचा, पोरांचा नाही. तिथेच मला तो माणूस कळला.

तेव्हापासून मी ड्रोन, विमान, हेलिकॉप्टर असं काहीही उडताना दिसलं की आधी त्याच्या भोवतीच्या तारा बघतो. घरचे हसतात. जिभाऊ म्हणतात, “तुले विमानपेक्षा तारच जास्ती दिखस.”

पण कपाशी आणि केळी यात फरक काय, तो समजून घ्या, कारण आमच्या भागात ड्रोन आता कपाशीवरून केळीवर चालला आहे. शेतातून जाणाऱ्या अकरा केव्हीच्या उघड्या तारेची जमिनीपासून कमीत कमी उंची नियमाने 4.6 मीटर, म्हणजे पंधरा फूट. रस्ता ओलांडत असेल तर 6.1 मीटर, वीस फूट. माझ्या शेतात मधल्या झोलाला अठरा फूट भरते. आता केळी मोजा. भरात आलेली केळी पानाच्या शेंड्यापर्यंत अकरा-बारा फूट. ड्रोन तिच्यावर सात-आठ फुटांनी. किती झाले? अठरा ते वीस. म्हणजे कपाशीत जो ड्रोन तारेच्या खालून सुखाने जातो, तोच केळीत बरोबर तारेच्या उंचीवर येतो. ऊस आणि केळी, दोन्हीचं हेच गणित. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने वही काढून लिहून घेतलं. माझ्या नोकरीत ज्युनिअर पोरांनी कधी माझं काही लिहून घेतलं नव्हतं.

त्यात तार एका उंचीवर राहत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा तार तापून लांबते, झोल वाढतो. लोड वाढला की आणखी. हिवाळ्यात पहाटे तीच तार ताठ. शिवाय मागच्या वर्षी एका ट्रॅक्टरने बांधावरचा ताण ओढला होता, खांब बोटभर कलला आणि गाळा सैल पडला. नकाशात उंचीचा आकडा एकदा भरून ठेवला की काम झालं, असं नाही.

जाडी बघा. अकरा केव्हीला आमच्याकडे वीझल नाहीतर रॅबिट कंडक्टर, ही तारांच्या जातींची नावं. वीझल जेमतेम आठ मिलिमीटर, रॅबिट दहा. आपल्या करंगळीपेक्षा बारीक. नवी तार चकाकते, दोन पावसाळ्यांनी राखेसारखी होते. मागे आभाळ असेल तर रेघ दिसते, मागे केळी किंवा नांगरलेलं रान असेल तर विरघळून जाते. मुलीच्या ड्रोनला पुढे रडार आहे. झाड आणि खांब ओळखतं, तारेच्या बाबतीत तिचाच त्याच्यावर भरवसा नाही. “काका, हे कधी थांबतं, कधी नाही थांबत,” म्हणाली. असं आपल्या यंत्राबद्दल ग्राहकाला सांगणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता.

डबा उघडला होता, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. खाताना तिच्या दिराने विचारलं, “मोठ्या विमानवाल्यांना वरून सगळं दिसत असेल ना?” त्याच्या प्रश्नाला कारण होतं. आमच्या डोक्यावरून शिकाऊ विमानं रोज जातात. शिरपूरला तांड्याच्या धावपट्टीवर शिकवतात, धुळ्याला गोंदूरला शिकवतात, जळगावला शिकवतात. खान्देशात पोराला विमान दाखवायला मुंबईला न्यावं लागत नाही. 16 जुलै 2021 ला आपल्याच तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात शिकाऊ विमान पडलं, त्यात प्रशिक्षक गेले. जखमी मुलीला डोंगरातून खाली आणायला वाट नव्हती, तर आदिवासी लोकांनी कपड्याची झोळी करून तिला उतरवलं. ती तारेची गोष्ट नव्हे. पण त्या दिवसापासून इकडचा माणूस विमानाचा आवाज आला की मान वर करतो.

दिसत नाही, हेच त्याचं उत्तर. मला ते एका शिकाऊ पायलटने सांगितलं होतं. नोकरीत असताना एका धावपट्टीच्या टोकाकडच्या लाइनचं काम होतं. तिथे खांब मुद्दाम खुजे, आणि धावपट्टीच्या समोरचा तुकडा केबल करून जमिनीखालून. चहाच्या टपरीवर एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा पांढऱ्या शर्टात बसला होता, खांद्यावर पट्ट्या. मी विचारलं, तुम्हाला आमच्या तारा दिसतात का हो? तो म्हणाला, “नाही काका, आम्ही तारा शोधतच नाही. खांब शोधतो. खांब दिसला की तार आहे असं धरून चालतो.” मग म्हणाला, इंजिन बंद पडलं आणि शेतात उतरायची वेळ आली तर एकटं घर किंवा विहीर दिसली तरी समजायचं, कुठून तरी तिकडे तार येत असणार. आणि ओलांडायचीच वेळ आली तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडायची. मधल्या गाळ्यातून नाही, कारण खांबाचं डोकं दिसतं आणि तार त्याच्यापेक्षा उंच नसते.

मी तेहतीस वर्षं खांब उभे केले ते तार धरायला. विमानवाल्याच्या लेखी तीच धोक्याची पाटी आहे, हे त्या दिवशी कळलं.

दुसरं त्याने सांगितलं ते मोठ्या टॉवरचं. 132 केव्हीच्या पुढच्या लाइनला जाड तारा असतात आणि सगळ्यांत वर, टॉवरच्या टोकावरून, बारीक अर्थवायर जाते, आभाळातली वीज अंगावर घ्यायला. झेब्रा कंडक्टर जवळजवळ एकोणतीस मिलिमीटर जाड, अर्थवायर साडेनऊ. पायलटला जाड तारा शेवटच्या क्षणी दिसतात, तो त्यांच्यावरून उचलतो, आणि वरच्या बारीक तारेत जातो. आपल्याकडे तर दीपनगरच्या वीज केंद्राच्या लाइनींचं जाळं, धुळ्याचं 765 केव्हीचं सबस्टेशन, साक्रीकडे पवनचक्क्या आणि सोलर. टॉवरची कमी नाही. ताशी शंभर किलोमीटरने जाणारं लहान विमान सेकंदाला अठ्ठावीस मीटर जातं. तार दिसली तेव्हा ती पन्नास मीटरवर असेल तर हातात दोन सेकंदही नाहीत.

तारेवर लाल-पांढरे गोळे लावतात ते याचसाठी. आंतरराष्ट्रीय नियमात गोळ्याचा व्यास कमीत कमी साठ सेंटिमीटर आणि साठचा गोळा असेल तर दोन गोळ्यांमध्ये तीस मीटरपेक्षा जास्त अंतर नको. पण ते गोळे विमानतळाजवळ, मोठ्या नदीवर, दरीवर. आमच्या केळीतल्या अकरा केव्हीला कोण गोळे लावणार, आणि का लावावेत?

मोठ्यांची उदाहरणं द्यायची तर, 25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडालं, उंची धरेना, खाली आलं ते तारांमध्ये. सगळे वाचले. 27 ऑगस्ट 2019 ला अलीगढच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक विमान तारेत अडकून पडलं आणि पेटलं, आतले सहाही जण बाहेर आले. जानेवारी 2023 मध्ये मध्य प्रदेशात रीव्याजवळ रात्री शिकाऊ विमान देवळाच्या कळसाला आणि तारांना धडकलं, त्यात वैमानिक गेले. निलंग्यानंतर आमच्या लाइनमन लोकांत एक गोष्ट सारखी बोलली जायची. पुढाऱ्याच्या सभेसाठी शाळेच्या मैदानावर हेलिपॅड आखतात तेव्हा चुना मारणारे दहा असतात, पोलीस पन्नास असतात. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा खांब, कुठे आहे आणि तार किती फुटांवर आहे हे विचारणारा एखादाच असतो, आणि तो बहुतेक आमच्यातलाच.

विमानाने फवारणी ही काही आजची गोष्ट नाही. 3 ऑगस्ट 1921 ला अमेरिकेत ओहायोत पहिल्यांदा विमानातून झाडांवर कीटकनाशकाची भुकटी टाकली. तिकडे अजूनही शेतावरून दहा-बारा फुटांनी विमानं फवारतात, आणि त्या विमानांच्या काचेसमोर आणि चाकांच्या दांड्यांवर तार कापायच्या सुऱ्या बसवलेल्या असतात. विमानालाच सुरी लावायची वेळ आली, यावरून समजा. आणि म्हणे, तिकडच्या वैमानिकांना पुष्कळदा ती तार माहीत असते. सकाळी त्यांनीच बघितलेली असते. पण वारा, औषध, वळण, शेजाऱ्याचं रान यात लक्ष जातं आणि दुपारी त्याच तारेत जातात. म्हणून म्हणतो, त्या मुलीचा पाऊण तास फुकट गेला नाही.

भाकरी संपल्यावर तिने ड्रोन उघडला. दहा लिटरची टाकी, प्रोपिकोनॅझोल आणि मिनरल ऑइल. औषध मी माझं दिलं होतं, मोजून तिने घेतलं, आधी बादलीत कालवून मग टाकीत. परवाना दाखवला, विम्याचा कागदही दाखवला, मी मागितल्यावर. नॅनो, म्हणजे अडीचशे ग्रॅमपर्यंतचे, सोडून बाकी ड्रोनला थर्ड पार्टी विमा लागतोच, हा कागद प्रत्येकाने मागावा. ड्रोन कुठे उडवता येतो त्या सरकारी नकाशात आमचं शेत हिरव्या झोनमध्ये येतं तेही दाखवलं. तिच्या दिराला वाटत होतं, हिरवं म्हणजे मोकळं. मी म्हटलं, भो, हिरवं म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही एवढंच. तारा त्या नकाशात नाहीत.

लाइनच्या दोन्ही अंगांना साडेसात-साडेसात मीटरची पट्टी तिने सोडून दिली. ड्रोन लाइनला समांतर नेला, आडवा एकदाही नाही. लाइनच्या या बाजूचं रान संपल्यावर ड्रोन उतरवला, पेटीत घातला, गाडीने पलीकडे नेला आणि तिथून पुन्हा उडवला. बघणाऱ्यांना हे येड्यासारखं वाटलं. मला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घरी बोलावण्याचं बटण तिने दिवसभरात एकदाही दाबलं नाही, प्रत्येक वेळी हाताने आणला. दीर खांबाखाली उभा, त्याचं काम एकच, ड्रोन आणि तार यांच्यातलं अंतर ओरडून सांगायचं.

साडेचार एकराला सात टाक्या, दोन तासांच्या आत काम. पाणी सगळं मिळून सत्तर लिटर. वरची तीन-चार पानं छान भिजली, पंख्याच्या वाऱ्याने पानं उलटतात म्हणून खालच्या अंगालाही थेंब दिसले. बुडाकडच्या पानांवर मात्र कमीच. ज्याचा करपा खालून चढत आलेला असेल त्याने आधी ती पानं कापून बाहेर काढावीत, ड्रोनकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. बारा दिवसांनी बघितलं तर नवीन निघालेली पानं स्वच्छ. जुन्या पानांवरचे डाग काय, ते कुठे जात नाहीत.

आता बिलाचं. केळीला एकरी सातशे ठरले होते. तिने पाच एकराचे साडेतीन हजार लावले. मी म्हटलं, लाइनखालची पट्टी सोडली ती वीस-एकवीस गुंठे भरते, अर्धा एकर, त्याचे पैसे कसले? ती म्हणाली, काका, फिरण्याचा पाऊण तास आणि दोनदा जागा बदलली ते कोण धरणार? मुद्दा खोटा नव्हता. पण मग दर आधी तसा सांगावा. “तारेचं शेत असेल तर एकरी पन्नास जास्त” असं म्हटलं असतं तर मी बिनबोभाट दिले असते. शेवटी तीन हजार एकशे पन्नासवर आलो. त्या सोडलेल्या पट्टीसाठी मला दोन मजूर आणि एचटीपी वेगळा लावावा लागला, आठशे त्यात गेले. या पट्टीची सोय सेवेनेच करावी, सोबत पाठीवरचा पंप आणि एक माणूस आणावा, एवढी माझी मागणी आहे. बिलाचा हा घोळ आणि पट्टी अर्धवट राहणं, याचा मिळून एक मार्क गेला.

पावती हाताने लिहिलेली मिळाली, शिक्का नाही. माझ्या घरून म्हणाल्या, शिक्क्याचं काय करता, केळीला चिकटवणार आहात का.

दुसरी फवारणी घटस्थापनेनंतर झाली. त्याआधी मी चारही ताणांना रिकाम्या गोण्यांच्या पांढऱ्या पट्ट्या बांधून ठेवल्या, एग इन्सुलेटरच्या, म्हणजे ताणाच्या मध्ये बसवलेल्या अंड्यासारख्या चिनी मातीच्या गोळ्याच्या, खालच्या भागाला, हात पोचेल तिथपर्यंतच. वर लाइनला काही बांधलं नाही, ते काम माझं राहिलेलं नाही आणि परमिटशिवाय कोणाचंच नाही. ती या वेळी पावणेआठला आली. पट्ट्या बघितल्या, मोबाईलमधला जुना नकाशा काढला, आणि तरीही पायी फिरायला निघाली. मी म्हटलं, अगं सगळं तेच आहे, मागच्या वेळी मोजलंय की. ती म्हणाली, “काका, झोल तोच आहे का ते बघते.”

जिभाऊंनी त्याच दिवशी त्यांच्या तीन एकराचं बुकिंग दिलं. बांधावरचा खांब कोणाच्या हिशेबात धरायचा यावर दोघांचं अजून चालू आहे.